ड्युटी लिस्ट कोण बनवतं? वॉर्डातला बर्नआउट कमी करायला इन्चार्जने काय करायचं

आमच्या पुरुष मेडिसिन वॉर्डात एक सिस्टर होती. अकरा वर्षांची नोकरी. शीर सापडत नसेल तर शेजारच्या वॉर्डातूनही तिलाच बोलावणं यायचं. पेशंटला ती नावाने हाक मारायची. "जाधवकाका, उठा, शुगर बघायचीय." एका पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोने वॉर्ड भरला, जमिनीवर गाद्या पडल्या, आणि कधीतरी माझ्या कानाला जाणवलं की ती आता "बारा नंबर" म्हणते. "बारा नंबरची सलाईन संपली." "सतरा नंबरचे नातेवाईक फार बोलतात." कामात चूक नव्हती. तीन आठवड्यांनी तिने बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही मॅडम. आता काही वाटतच नाही."

मी तिला चार दिवस रजा दिली आणि गावाला जाऊन ये म्हटलं. ती जाऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. तेव्हा मी मागच्या दोन महिन्यांची ड्युटी लिस्ट काढून बसले. ती लिस्ट माझ्या अक्षरात होती.

हा लेख त्या बसण्यातून आलेला आहे. वॉर्ड इन्चार्ज, मेट्रन, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, युनिट हेड, वीस-तीस खाटांचं रुग्णालय चालवणारे डॉक्टर, यांच्यासाठी तो लिहिते आहे. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, त्यांनी उद्यापासून काय करायचं, एवढंच यात आहे.

आधी नेमकं काय ओळखायचं

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या मांडली, तिच्यात तो आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणी सतत साचलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण, त्यातून येणारी अवस्था, असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे आधी कामाची जागा तपासायची, माणूस त्यानंतर. आपण नेमकं उलटं करतो. माणसाला योगाच्या वर्गाला पाठवतो आणि जागा तशीच ठेवतो.

व्याख्येत तीन खुणा आहेत. पहिली, शक्ती संपणं: झोपून उठलं तरी डोकं जड, ड्युटीच्या आदल्या संध्याकाळपासूनच पोटात गोळा. दुसरी, कामापासून मन तुटणं: तो "बारा नंबर". तिसरी, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं: "कितीही करा, काय फरक पडतो?" साधा थकवा दोन दिवसांच्या ऑफने उतरतो. हा उतरत नाही, रजेवरून आलेला माणूस पहिल्याच ड्युटीला पुन्हा तिथेच जाऊन पोचतो.

एक फरक मात्र लगेच ओळखायला हवा. कोणी जगण्यातच अर्थ नाही असं बोलत असेल, घरीही रडत असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर प्रश्न ड्युटी लिस्टच्या पुढे गेलेला आहे. त्या माणसाला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा, एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. तो नर्सिंग स्टेशनवर आणि रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या खोलीत लिहून ठेवा.

"माणसंच नाहीत, आम्ही काय करणार?"

हे वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं म्हटलं आहे, आणि त्यात खोटं काही नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या मानकाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. आमच्याकडे चाळीस खाटा, साठच्या वर पेशंट आणि नाईटला दोन सिस्टर असायच्या. ही दरी इन्चार्ज भरून काढू शकत नाही, आणि तिने ती भरावी अशी अपेक्षा करणं अन्याय आहे.

पण क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लीटर या अभ्यासकांनी बर्नआउटची मुळं सहा ठिकाणी शोधली आहेत. कामाचा बोजा, स्वतःच्या कामावर असलेला ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांमधले संबंध, न्याय, आणि आपण जे करतो ते आपल्याला पटतं का हा प्रश्न. सहापैकी भरतीशी थेट जोडलेला मुद्दा एकच. उरलेल्या पाचांमध्ये वॉर्ड चालवणाऱ्याचा हात रोज असतो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने तिथेच काम करणाऱ्या २,८१३ डॉक्टरांच्या उत्तरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. डॉक्टरांनी आपल्या थेट वरिष्ठाला गुण द्यायचे होते: तो आमचं ऐकतो का, माहिती देतो का, मान देतो का, आमच्या प्रगतीचं बोलतो का. वरिष्ठाचा एकेक गुण वाढत गेला तशी त्या डॉक्टरला बर्नआउट असण्याची शक्यता ३.३ टक्क्यांनी कमी होत गेलेली दिसली. मेयोसारखी सोय आपल्या वॉर्डात नाही. पण तिथे मोजलेल्या या गोष्टींना पैसा लागत नाही, म्हणून मला तो अभ्यास आपल्या कामाचा वाटतो.

पहिलं पाऊल: पंधरा दिवस नुसतं बघा आणि ऐका

लगेच फॉर्म वाटू नका. फॉर्म आला की सगळे "उत्तम" लिहितात, कारण अक्षर ओळखू येतं.

एक छोटी वही घ्या, ती घरी ठेवा. रोज तीन-चार ओळी. कोण जेवलं आणि किती वाजता? शेवटच्या क्षणी आलेली सिक लीव्ह कोणत्या ड्युटीची होती? एक्सचेंज, म्हणजे ड्युटीची अदलाबदल, कोण मागतं आणि कोण देतं? ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीला पेशंट सोपवताना, आवाज कसा होता? हसणं कधी बंद झालं? पेशंटचा उल्लेख नावाने होतो की नंबराने? वॉर्डातल्या मावशी आणि मामांना, म्हणजे आया आणि वॉर्डबॉयना, कोण काय म्हणून हाक मारतं? हे शेवटचं विसरू नका. वॉर्डात काय चाललं आहे ते त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

पंधरा दिवसांनी एकेकाशी दहा मिनिटं बोला. केबिनमध्ये बोलावू नका, तिथे मेमोची आठवण येते. लिनन रूम किंवा चहाची वेळ चांगली. चार प्रश्न पुरतात: या महिन्यातली सगळ्यांत वाईट ड्युटी कोणती होती? कोणतं काम करताना वाटतं की हे माझं कामच नाही? तुला एक गोष्ट बदलता आली तर काय बदलशील? मी काय करते त्याचा तुला त्रास होतो?

चौथ्या प्रश्नाला पहिल्यांदा कोणी खरं उत्तर देत नाही. तरी विचारा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. मला तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं. एक ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, म्हणाला, "तुम्ही ड्युटी संपल्यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर चुका टाकता. घरी जेवताना वाचतो मी." त्या दिवसापासून मी ग्रुपवर चूक टाकली नाही.

दुसरं पाऊल: ड्युटी लिस्ट

या कामाला जास्त वेळ द्या. इन्चार्जच्या हातात याच्याइतकी मोठी गोष्ट दुसरी नाही.

मागच्या दोन महिन्यांची लिस्ट काढा. ठरलेली नाही, प्रत्यक्षात झालेली, हजेरीवरून. प्रत्येकाच्या नावापुढे मोजा: नाईट किती, सलग किती, ठरलेले ऑफ किती आणि मिळालेले किती, रविवार आणि सण किती, डबल ड्युटी किती, इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग किती वेळा.

त्या सिस्टरच्या नावापुढे मला जे दिसलं, ते मी विसरणार नाही. दोन महिन्यांत तिचे पाच ऑफ मोडले होते, आणि सहा वेळा तिने दुसऱ्याची अडचण म्हणून ड्युटी बदलून दिली होती. मी प्रत्येक वेळी तिलाच फोन केला होता, कारण ती नाही म्हणत नव्हती. जो नीट काम करतो त्याच्यावर टाकायचं, ही आपल्या सगळ्या रुग्णालयांतली सवय आहे. कामचुकाराला सांभाळून घ्यायचं आणि चांगल्याला पिळायचं. चांगला माणूस मग एक दिवस न भांडता आतून निघून जातो, हजेरीवर मात्र सही करत राहतो.

मोजून झालं की नियम ठरवा, आणि ते सगळ्यांसमोर ठरवा. आमचे असे होते:

– इव्हिनिंगनंतर दुसऱ्या दिवशी मॉर्निंग नाही. मुंबईत हे फार महत्त्वाचं. इव्हिनिंग संपवून ओव्हर देऊन बदलापूरला पोचायला साडेअकरा होतात, आणि मॉर्निंगसाठी पाचची लोकल धरायची. मध्ये स्वयंपाक, मुलं, डबा. झोप चार तास. त्या माणसाच्या हातात आपण इंजेक्शनचा ट्रे देतो.
– क्रम मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट असाच पुढे सरकणारा. उलटा फिरला तर शरीराला जुळवून घेणं जास्त अवघड जातं.
– सलग नाईट जमेल तितक्या कमी, आणि नाईट संपल्याचा दिवस ऑफ म्हणून मोजायचा नाही. सकाळी घरी जाऊन झोपण्यात गेलेला दिवस सुट्टी नसते.
– ऑफ मोडावाच लागला तर त्याच लिस्टमध्ये परतीची तारीख लिहायची. "नंतर बघू" नाही.
– एकाच माणसाला महिन्यात दुसऱ्यांदा अडचणीचा फोन करायचा नाही. त्यासाठी यादी करायची आणि क्रमाने जायचं.
– लिस्ट महिना सुरू व्हायच्या किमान दहा दिवस आधी लावायची. लग्नं, परीक्षा, सासूबाईंचं ऑपरेशन, सगळं या दहा दिवसांत मार्गी लागतं.

आणि लिस्टचा कच्चा मसुदा भिंतीवर दोन दिवस लावा, पेन्सिल बांधून. लोक आपापसांत बदल लिहितात. पहिल्या महिन्यात भांडणं झाली. तिसऱ्या महिन्यात मला लिस्ट बनवायला पूर्वीच्या निम्माही वेळ लागत नव्हता, कारण अर्धी लिस्ट सिस्टरच बनवत होत्या. ताबा म्हणतात तो हाच.

निवासी डॉक्टरांच्या बाबतीत कागद आपल्या बाजूने आहे. केंद्र सरकारच्या ५ जून १९९२ च्या निर्देशात सलग काम साधारणपणे बारा तासांपेक्षा जास्त नसावं आणि आठवड्याची सुट्टी पाळीपाळीने मिळावी असं म्हटलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले. युनिट हेडनी हे दोन आकडे आपल्या युनिटच्या खऱ्या लिस्टशेजारी एकदा लिहून बघावेत. सगळं एका महिन्यात बदलणार नाही. पण पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला छत्तीस तासांनंतर "जा, झोप, मी बघतो" म्हणणं आजही शक्य आहे, आणि ते म्हणायचं काम लेक्चररचं आहे.

तिसरं पाऊल: नको ती कामं काढून टाका

वॉर्डातली सगळी रजिस्टरं एका टेबलावर मांडा. प्रत्येकाबद्दल विचारा: हे शेवटचं कोणी उघडून वाचलं? आमच्याकडे एकच शुगर तीन ठिकाणी लिहिली जात होती. दोन बंद करायला मेट्रन मॅडमची सही लागली, ती त्यांनी दिली. ज्या नोंदी कायद्याने किंवा मान्यतेसाठी लागतात त्यांना हात लावू नका. बाकीच्यांची कारणं मागा.

दुसरं म्हणजे पळापळ. मामा नसतील तर रक्ताचा नमुना घेऊन सिस्टर लॅबला जाते, येताना व्हीलचेअर शोधते, मग औषधाचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, घेऊन स्टोअरला. तोवर मागे साठ पेशंट आणि एक सिस्टर. आठवडाभर अशा फेऱ्यांच्या रेघा मारून ठेवा. रेघांचा कागद घेऊन तुम्ही वरिष्ठांकडे गेलात की बोलणं वेगळं होतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हेच काम अहवालांच्या रूपात येतं. आशाताई दिवसभर वाड्यावस्त्या फिरते, आणि रात्री नऊ वाजता ग्रुपवर मेसेज पडतो: "उद्या सकाळी दहापर्यंत माहिती पाठवा, अत्यंत तातडीचे." वैद्यकीय अधिकाऱ्याने चाळणी व्हायला हवं. वरून आलेला प्रत्येक मेसेज जसाच्या तसा खाली ढकलायचा नाही. जी माहिती आपल्याच संगणकात आहे ती आशाताईकडे पुन्हा मागायची नाही. आणि संध्याकाळी सातनंतर ग्रुप फक्त रुग्णाच्या तातडीसाठी, हे स्वतः पाळायचं.

चौथं पाऊल: सकाळच्या राउंडमधला आवाज

एक सकाळ सांगते. साडेआठला राउंड. एका पेशंटचा रिपोर्ट फाईलला लागलेला नव्हता. वरिष्ठ डॉक्टर पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, "तुला डॉक्टर कोणी केलं?" तो मुलगा काही बोलला नाही, त्याचे कान लाल झाले होते. नऊ वाजता तोच मुलगा ट्रॉलीपाशी सिस्टरवर ओरडला. साडेनऊला सिस्टर मावशींवर ओरडली. दहाला मावशींनी बेडपॅन मागणाऱ्या म्हाताऱ्याच्या मुलाला झिडकारलं. अकरा वाजता म्हाताऱ्याचा मुलगा रेसिडेंटची कॉलर धरून उभा होता, आणि सगळे म्हणत होते, आजकाल नातेवाईक फार माजलेत.

वरच्याचा आवाज खाली जाताना मोठा होत जातो. म्हणून नेतृत्वाचा पहिला नियम अगदी साधा ठेवा: पेशंटसमोर आणि नातेवाइकांसमोर कोणाचीही कानउघाडणी नाही. अजिबात नाही. बोलायचं असेल ते राउंड संपल्यावर, बाजूला, आणि कामाबद्दल. "तू निष्काळजी आहेस" आणि "काल रात्रीचा रिपोर्ट लागला नव्हता, कुठे अडकला?" यातल्या दुसऱ्या वाक्याला उत्तर मिळतं. उत्तर बहुतेक वेळा लॅबच्या खिडकीत अडकलेलं असतं.

डॉक्टर तुमच्या सिस्टरवर ओरडले तर तुम्ही काय करता, हे सगळा वॉर्ड बघत असतो. "सर, मी इन्चार्ज आहे, मला सांगा" म्हणत मध्ये उभं राहायचं. आवाज चढवायची गरज नाही. आणि चूक तुमच्या सिस्टरची असली तर तेही नंतर तिला सांगायचं. दोन्ही केलं तरच लोक विश्वास ठेवतात.

ओव्हरची पाच मिनिटं पाहा. आमच्याकडे ओव्हर म्हणजे मागच्या ड्युटीने काय केलं नाही याची यादी झाली होती. आम्ही क्रम बदलला: आधी ज्यांची काळजी वाटते ते तीन पेशंट, नावाने. मग राहिलेलं काम. मग मागच्या ड्युटीत जे चांगलं झालं त्याचं एक वाक्य. हे शेवटचं सुरुवातीला सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, कारण आपल्याकडे कौतुक फक्त निरोप समारंभाला करतात.

पाचवं पाऊल: चूक सांगणाऱ्याचं काय होतं?

इन्सुलिनच्या बाटल्या मिलिलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतेच्या येतात. ४० साठी लाल टोपीची सिरिंज, १०० साठी केशरी टोपीची. रुग्णालयाकडून ४० ची बाटली यायची. एका पेशंटच्या मुलाने बाहेरून १०० ची आणून दिली. ऑर्डर होती २० युनिट. पहाटे सिस्टरने सवयीने लाल टोपीची सिरिंज घेतली आणि २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं. ती रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर, आणि १०० च्या बाटलीतून अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट. पुढच्या पेशंटसाठी बाटली उचलताना तिला लेबल दिसलं.

तिने दहा मिनिटांत मला सांगितलं. ग्लुकोज लावलं, डॉक्टर आले, सकाळभर थोड्या थोड्या वेळाने शुगर तपासत राहिलो, पेशंट सुखरूप राहिला. पण ती दहा मिनिटं कशी मिळाली? सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका सिस्टरने चूक कबूल केली, तेव्हा तिला मेमोही मिळाला नाही आणि वॉर्डासमोर फजितीही झाली नाही, म्हणून मिळाली. त्याआधीच्या काळात हीच गोष्ट लपली असती, आणि दुपारी आम्ही बेशुद्ध पेशंटपाशी कारण शोधत बसलो असतो.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांमध्ये चुका कमी दिसतील असं त्यांना वाटलं होतं. दिसल्या जास्त. तिथली माणसं जास्त चुकत नव्हती, बोलून दाखवत होती. तुमच्या रजिस्टरमध्ये वर्षभर एकही चूक नसेल तर आनंद मानू नका, चौकशी करा.

करायचं असं. चूक कळली की पहिला प्रश्न "पेशंट कसा आहे?" दुसरा "तू ठीक आहेस का?" तिसरा, दुसऱ्या दिवशी, "हे पुन्हा होऊ नये म्हणून जागेत काय बदलायचं?" आम्ही दोन ट्रे वेगळे केले, एकाला लाल पट्टी, एकाला केशरी. बाहेरून आलेली बाटली दोघींनी वाचल्याशिवाय ट्रेमध्ये जात नव्हती. ती सिस्टर पुढचे काही आठवडे प्रत्येक डोस तीनदा तपासायची आणि घरी झोपत नव्हती. अशा वेळी तिला आठवडाभर जोडीने ड्युटी द्या. चूक केलेला माणूस एकटा पडला की तो नोकरी सोडतो, किंवा मन मारून राहतो. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा मात्र वेगळा, तिथे कारवाई व्हायलाच हवी. तो फरक सगळ्यांना आधी माहीत असू द्या.

सहावं पाऊल: जमाव आल्यावर पुढे कोण उभं राहतं

पेशंट दगावला की बातमी सांगायला सगळ्यांत लहान माणसाला पाठवायची पद्धत बंद करा. बातमी उपस्थितांपैकी सगळ्यांत वरिष्ठाने, बसून, नातेवाइकांपैकी एक-दोघांना बाजूला घेऊन सांगायची. तब्येत बिघडते आहे हे आधी दोनदा सांगितलेलं असेल तर निम्मा भडका तिथेच विझतो.

महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई द्यावी लागू शकते. पण तक्रार कोणी करायची? मार खाल्लेल्या पोरीने एकटीने पोलीस ठाण्यात जाऊन बसायचं का? तक्रार संस्थेने करावी, आणि वरिष्ठाने सोबत जावं. "जाऊ दे, मिटवून टाक" हे वाक्य मी ऐकलेलं आहे. ज्यांना ते सांगितलं गेलं, त्यांतली एकही पुन्हा पूर्वीसारखी कामाला उभी राहिली नाही.

सातवं पाऊल: एक खोली

२७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला. ती ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेली होती. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं, पिढ्या बदलल्या तरी सांभाळलं, १८ मे २०१५ ला ती गेली. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रीच्या ड्युटीवरची एक निवासी डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विसावली होती, तिथे तिच्यावर अत्याचार करून तिची हत्या झाली. दोन घटनांमध्ये पन्नास वर्षांहून जास्त अंतर आहे. कपडे कुठे बदलायचे आणि पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न दोन्हीकडे तसाच उभा आहे.

म्हणून आज तुमच्या मजल्यावर फिरून बघा. आतून कडी लागणारी खोली आहे का? बायकांसाठी वेगळी? कडी चालते का, दिवा लागतो का, नळाला पाणी येतं का, सॅनिटरी पॅड टाकायला डबा आहे का? तिथून वॉर्डापर्यंतचा रस्ता रात्री दोन वाजता कसा दिसतो? रात्री दोन वाजता स्वतः चालून बघा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे, तिच्या सदस्यांची नावं त्या खोलीच्या दारामागे लावा.

आणि जेवणाची वीस मिनिटं लिस्टमध्ये लिहा, कोणी कोणाचे पेशंट बघायचे यासकट. न लिहिलेलं जेवण होत नाही.

आठवं पाऊल: दोन मापं

एकाच वॉर्डात कायम, कंत्राटी आणि एजन्सीची माणसं शेजारीशेजारी तेच काम करतात आणि पगारात मोठा फरक असतो. हा प्रश्न शासनाने सोडवायचा आहे. पण दिवाळीची नाईट नेहमी कंत्राटी सिस्टरलाच का, प्रशिक्षणाला नेहमी कायमवालीच का, काही हरवलं की संशय आधी मावशींवर का, हे इन्चार्जच्या हातात आहे. सणांची यादी करा, तीन वर्षांची, आणि पाळी फिरवा. मासिक सभेत आशाताई मागे उभ्या आणि बाकी सगळे खुर्चीवर, असं असेल तर खुर्च्या वाढवा. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा गौरव केला. त्याच आशाताईंना तालुक्याच्या सभेत बसायला जागा नसते, हे मी पाहिलं आहे आणि मला त्याची लाज वाटते.

वर कसं सांगायचं

एवढं सगळं करूनही काही गोष्टी तुमच्या हाताबाहेरच राहतील. त्या तोंडी सांगू नका. दर महिन्याला एका पानाचं पत्र द्या: मंजूर पदं, भरलेली पदं, रोजचे सरासरी पेशंट, मोडलेले ऑफ, डबल ड्युटी, सिक लीव्ह, चुकांच्या नोंदी. शेवटी एकच मागणी, दहा नाही. पोच घ्या आणि प्रत फाईलला लावा. सहा महिन्यांची सहा पत्रं झाली की वरिष्ठालाही आपल्या वरिष्ठापुढे ठेवायला कागद मिळतो. त्यांच्यावरही कोणीतरी ओरडत असतं.

तुमच्या स्वतःच्या रजाही त्या लिस्टमध्ये घाला आणि घ्या. तुम्ही ताप घेऊन ड्युटीवर आलात की खालच्या सगळ्यांना ताप घेऊन येणं भाग पडतं. दुसऱ्या वॉर्डाच्या एखाद्या इन्चार्जशी आठवड्यातून एकदा मनातलं बोलायची सवय ठेवा.

तीन महिन्यांनी

घरची वही उघडा आणि पहिल्या पंधरवड्याशी ताडून बघा. मोडलेले ऑफ, शेवटच्या क्षणीच्या सिक लीव्ह, जेवणाच्या वेळा, नोंदलेल्या चुका. चुका वाढल्या असतील आणि लपवाछपवी कमी झाली असेल तर काम बरोबर चाललं आहे. कोणाच्या तरी नावापुढे काहीच बदललं नसेल, तर त्या माणसाशी पुन्हा बोला, कारण त्याचं मूळ घरात किंवा मनाच्या आजारात असू शकतं. आमच्या त्या सिस्टरने बदलीचा अर्ज परत घेतला नाही. ती ओपीडीला गेली, आणि तिच्यासाठी ते बरोबर होतं. प्रत्येक वेळी माणूस थांबवून ठेवणं हाच इलाज नसतो.

आणि तुमची बदली होईल तेव्हा चार्ज लिस्टमध्ये सक्शन मशीन, ऑक्सिजन सिलिंडर, बेडपॅन यांच्याखाली एक पान जोडा: ड्युटी लिस्टचे ठरलेले नियम, सणांची पाळी, दोन ट्रेची पद्धत, महिन्याच्या पत्रांच्या प्रती. नव्या इन्चार्जची त्यावर सही घ्या आणि ते पान सगळ्या स्टाफसमोर एकदा मोठ्याने वाचा, मावशी आणि मामांनाही बोलावून. चार्ज लिस्टवर नसलेली वस्तू पुढच्या इन्चार्जला कोणी मागत नाही.